वाकळेतला खाकी तुकडा

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. मुखेड तालुक्यात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक त्या गावाला दोन शिव्या घालतील आणि आपल्या गावात सगळं कसं छान आहे म्हणून निवांत झोपतील. तेवढी सवलत मला कुणाला द्यायची नाही.

मी इथल्याच जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते ग्यानोबा आबा वरच्या आळीतले, शेतकरी, वय सत्याऐंशी. गावात रझाकारी डोळ्यांनी पाहिलेला तेवढा एकच माणूस उरलाय. म्हणून सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झालं की आबांना खुर्चीत बसवायचं आणि त्यांच्या हातात माईक द्यायचा, ही शाळेची जुनी पद्धत.

आबा सांगायचे. निजामाचं राज्य होतं. रझाकार यायचे, धान्य उचलायचे, दिसेल त्याला मारायचे. आबांच्या चुलत्यानं घरावर तिरंगा लावला म्हणून त्याला विहिरीच्या काठावर गोळी घातली. मग हिंदुस्थानची फौज आली, त्यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात. पाच दिवसांत निजाम शरण आला आणि रझाकार वाट फुटेल तिकडं पळाले. इथं टाळ्या पडायच्या. आबा "मंग पुढं काय झालं" असं म्हणेपर्यंत हेडमास्तर आभार मानायला उभे राहिलेले असायचे आणि पोरं बुंदीच्या रांगेत गेलेली असायची. पुढचं ऐकायची गरज कुणालाच वाटली नाही.

पुढचं मला घरातून माहीत होतं. पळताना ओळखू येऊ नये म्हणून रझाकारांनी अंगातले खाकी शर्ट काढून रस्त्याच्या कडेला फेकले होते. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं. धडका शर्ट बेवारस पडलेला पाहून कोण सोडेल? गावातल्या तिघांनी एकेक उचलला आणि घातला. एक आबांच्या वडलांनी, एक माझ्या आज्यानं, मारोतीनं, आणि एक इमामसाब पिंजाऱ्यानं.

मग गावोगाव रझाकार शोधत फिरणारा जमाव आमच्याकडं आला. त्यात आमच्या गावचेही होते. आबांच्या वडलांना खाकीत पाहून ते हसले आणि म्हणाले, "तुमचं येगळं हाय, पाटील." माझ्या आज्याला त्यांनी फोडून काढलं, पण रझाकार म्हणून नव्हे; महारानं कॉलरचा शर्ट घातला म्हणून. इमामसाबला ओढ्याकडं नेलं आणि तिथंच मारलं. कापूस पिंजायच्या धनुकलीशिवाय दुसरं हत्यार त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. दहा वर्षांचे आबा बाभळीमागून सगळं बघत होते. शर्ट तिघांनी उचलला होता आणि जीव एकाचाच गेला.

त्याच इमामसाबचा नातू मौलासाब अजून गावात गाद्या भरायचा. मुसलमानाचं ते एकच घर राहिलेलं. आता धनुकली गेली, मशीन आलं. गावातल्या लग्नांच्या गाद्या तोच भरणार, माझ्या लग्नातलीसुद्धा त्यानंच भरली.

यंदा उन्हाळ्यात सरहद्दीवरची लढाई टीव्हीवर सुरू झाली आणि आमच्या पारावर सगळेच सेनापती झाले. त्यांत पुढं होता भागवत, आबांचा नातू. भागवत वाईट पोरगा नाही, हीच खरी पंचाईत आहे. आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला त्यानंच नेलं, दोन महिने डोळ्यांत थेंबही त्यानंच घातले. पण त्याच भागवतनं आबांच्या मागच्या वर्षीच्या भाषणातला चुलत्याला गोळी घातल्याचा प्रसंग कापून, त्याला ढोल लावून मोबाईलवर सोडला. खाली लिहिलं, रझाकाराच्या औलादीकडं गादी भरू नका.

आबांनी त्याला माझ्यासमोर विचारलं तर तो म्हणाला, "आबा, आता अजून एकदा पोलीस ॲक्शन करायला पायजे. एकदाच जोरात लढाई करा, सगळा रझाकारी इचारच मुळातून संपतो."

"झाली की रं लढाई," आबा म्हणाले. "म्या बघितली."

गणपती आले तोवर मौलासाबचं मशीन थंड पडलं होतं. कुणी भांडलं नाही, दगड मारला नाही. नुसतं कुणी येईना. आबा स्वतःची जुनी गादी डोक्यावर घेऊन भर बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात गेले. लोकांनी वाट दिली, नमस्कार केला आणि त्यांच्यामागून कुणीही गेलं नाही.

एके दुपारी मौलासाब आबांच्या ओसरीवर आला. मी तिथंच होतो. "आबा, मी गाव सोडून चाललो. लातूरला मेहुण्यानं खोली बघितली हाय."

आबांनी त्याला आधी बसायला लावलं. मग म्हणाले, "सतरा तारखेपस्तोर थांब. यंदा म्या पुरं सांगतो. माझं ऐकतेल लोक. न्हाईच ऐकलं तर जा, मी आडवा येणार न्हाई."

मौलासाब थांबला. खोलीचा मेहुण्याला नकार कळवून, बायकोची समजूत घालून थांबला. एका म्हाताऱ्याच्या जिभेवर एका कुटुंबाचं गाव टेकलं होतं, आणि मला रात्री झोप लागेना, कारण मी आमच्या गावाला आबांपेक्षा चांगलं ओळखतो.

आबांनी त्या दिवसापासून घरातल्या वाकळा धुंडाळायला घेतल्या. इमामसाबला मारलं त्याच संध्याकाळी आबांच्या आईनं नवऱ्याच्या अंगातला खाकी शर्ट ओढून काढला होता. जाळायला जीव झाला नाही, कापड होतं. फाडून तिनं तो वाकळेत शिवून टाकला. पुढं ती वाकळ विरली तशी तिच्यावर दुसरी चढली, सुनेनं आणखी एक चढवली. आमच्याकडं वाकळ टाकून देत नाहीत, ती नवीच्या पोटात जाते. आबांना डोळ्यांनी टाका दिसेना, म्हणून त्यांनी मौलासाबलाच बोलावलं. त्यानं मांडी घालून ब्लेडनं एकेक टाका उसवला. लुगडी निघाली, धोतरं निघाली, झबली निघाली. सगळ्यांत आत खाकी तुकडा होता, त्याला एक बटण तसंच. मौलासाबनं तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, "कापड चांगलं व्हतं, आबा." मला तिथं बसवेना. मी उठून बाहेर आलो.

सतरा तारखेला आबा उभं राहून बोलले. फौजेपाशी टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी हात वर केला. "टाळ्या थांबवा. फौज आली म्हणून मी जित्ता हाय. तिला मी नाव ठिवणार न्हाई. पर फौजेला बंदूकवाला दिसतो, तिनं त्याला पळवलं. आपल्या पोटात काय हाय ते तिला कसं दिसंल? ती गेली अन् रझाकाराचंच काम आपुन हातात घेतलं." मग त्यांनी पिशवीतून तुकडा काढून वर धरला. "हा रझाकाराचा शर्ट. असाच इमामसाबच्या अंगात व्हता. असाच माझ्या बापाच्या अंगात व्हता, अन् ह्या गुरुजीच्या आज्याच्या." ओढ्याकाठी काय झालं तेही त्यांनी सांगितलं. मारणाऱ्यांची नावं घेतली नाहीत, पण "आपलेच" म्हणाले.

अंगणवाडीच्या उमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मौलासाब फाटकाबाहेर उभा होता, त्यानं मान खाली घातली होती. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल, जेवढं त्या अर्ध्या तासात वाटलं.

जेवायच्या सुट्टीत क्लिप आली. आबा खाकी तुकडा वर धरून उभे. "हा रझाकाराचा शर्ट. असाच इमामसाबच्या अंगात व्हता." तिथंच कापलेली. खाली लिहिलेलं, पुरावा सापडला. संध्याकाळपर्यंत ती मुखेडला, नांदेडला, कुठं कुठं पोचली.

मी भागवतला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, एवढं लांबलचक कोण बघतंय? मुद्द्याचं तेवढं ठिवलं." आबांनी सांगितल्यावर त्यानं त्यांच्या देखत ती पुसली. पुसून काय होणार होतं? शेकडो मोबाईलांत ती जाऊन बसली होती.

दोन दिवसांनी मौलासाबच्या दारात टेम्पो लागला. आबांना घेऊन मी गेलो. मशीन चढवायला गावातलं कुणी आलं नव्हतं. मौलासाब, त्याचा मेहुणा आणि ड्रायव्हर ओढत होते. मी हात लावला. मौलासाब आबांच्या पाया पडला. "तुमी पुरं सांगितलं, आबा. माझ्या बापानंबी मला एवढं सांगितलं नव्हतं."

आबांनी टेम्पोचा दोर धरला तो सोडेनात. शेवटी भागवत आला. त्यानं आबांची बोटं एकेक करून हळूच सोडवली. "आबा, उन्हात नका थांबू. चक्कर येईल," म्हणाला. त्याच्या आवाजात खरी काळजी होती. टेम्पो गेला.

परत निघालो. आबा पुढं, भागवत आणि मी मागं. भागवत सहज बोलावं तसं बोलला, "गुरुजी, तुमच्या आज्यानंबी उचलला व्हता म्हणं शर्ट."

"तुझ्या पणज्यानंबी उचलला," मी म्हणालो.

तो हसला. "त्यांचं येगळं हाय हो."

आबा जागीच थांबले. वळले. नातवाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, लातूरला तुमच्यासाठीबी एखादी खोली बघून ठिवा."