मामांची बाज

आमच्या मामांच्या घरी पाहुण्याला सतरंजीवर बसावं लागे, कारण बाज बहुधा कुठल्यातरी विहिरीत असे. नसलीच, तर अंगणात भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली असे आणि तिच्या चारही पायांना दोर बांधलेलेच असत. मामांच्या गावाच्या, धनजच्या आसपास हरणांचे कळप आहेत आणि बिनकठड्याच्या विहिरीही आहेत. कुत्री मागे लागली की कळप उभ्या तुरीतून उधळतो, आणि तुरीत विहीर आहे हे हरणाला पडल्यावरच कळतं. मग मामांचा फोन वाजे. पंचक्रोशीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे बाजमामा म्हणत. मी त्यांची सख्खी भाची, पण मीही मनातल्या मनात तेच म्हणायची.

बाज मामीच्या आंदणातली. सागाची, जाड पायांची. "माह्या बापानं बाज लेकीले देल्ली होती, हरनायले नाही," असं मामी महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. मामा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणत, "तुह्या बापानं चांगली देल्ली, म्हनून तं टिकून राह्यली." आपल्या बापाची ही तारीफ ऐकून रागवावं की नाही, हे मामीचं ठरेपर्यंत मामा बाज ऑटोच्या टपावर बांधून निघालेले असत.

हे सगळं सुरू झालं ते मामांच्या स्वतःच्या विहिरीपासून. तिलाही कठडा नव्हता. दरवर्षी पीक निघालं की बांधू म्हणत, आणि दरवर्षी राहून जाई. एका सकाळी तिच्यात हरणाची मादी पडली. गाव गोळा झालं, आणि सगळ्यांनी मिळून एकच कल्ला केला. सर्वांत मोठा आवाज मामांचा होता, हे ते स्वतःच सांगत. मादी वर निघाली तेव्हा तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. दहा पावलं गेली, आणि उभ्या उभ्या कोसळली. "हरीन पान्यानं नाही मरत, पोरी," मामा मला म्हणाले होते. "आपल्या कल्ल्यानं मरते." त्याच महिन्यात त्यांनी विहिरीला कठडा बांधला, आणि पुढे कुठल्याही विहिरीवर मोठ्याने बोलले नाहीत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी गर्दी मागे सारायची. मग दोन पोहणारे गडी खाली उतरवायचे, बाज पाण्यालगत सोडायची, हरणाला तिच्यावर आडवं घ्यायचं आणि चार दोर एका लयीत ओढायचे. हरीण वर आलं की आधी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल. आपण दिसलो नाही की त्याची धडधड कमी होते. हे टॉवेलाचं काम मी सुट्टीत गेले की माझ्याकडे असे. मी लहानपणापासून कमी बोलणारी. नातेवाइकांना माझी काळजी वाटायची, मामांना कौतुक. "हे पोरगी कामाची हाय," ते म्हणत. "इले इहिरीवर नेता येते."

लग्नात, तेरवीत, बाजारात, जिथे कोणी भेटेल तिथे मामा रामराम म्हणायच्या आधी विचारत, "कठडा बांधला काय?" पंगतीत ते दिसले की काही शेतकरी हळूच दुसऱ्या रांगेत जाऊन बसायचे. "औंदाची तूर निघू द्या मामा" हे उत्तर मामांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत ते स्वतःच म्हणून टाकत. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या पायी कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडली, असं कानावर आलं तर मात्र विनोद बंद. त्यांचं स्वतःचं सोयाबीन रोही दरसाल तुडवत. "माहंही खातात. मचान बांधा, डबडे वाजवा. पन तारीले रोही अन् मानूस वयखू येत नाही."

मानोऱ्याकडच्या एका विहिरीत बिबट्या पडला, तेव्हा मी सोबत होते. विहीर देवराव नावाच्या माणसाची. आठवड्यापूर्वीच त्याची बकरी गेली होती, आणि तो हातात दगड घेऊन काठावर उभा होता. बिबट्या खाली पोहून पोहून दमत चाललेला. वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन निघाली होती, पण यायला वेळ होता.

"मामा, याले बुडू द्या. माही बकरी खाल्ली यानं."

"खाल्ली असन. माह्या घरी दुःख सांगाले ये, मी आयकतो," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "पन दगड ठेव खाली. लागला नाही तं तो भडकून वर येईन, अन् पयले तुलेच इचारीन."

देवरावाने दगड ठेवला. बाज खाली गेली. बिबट्या तिच्याभोवती दोनदा फिरला आणि मग चढून बसला, भिजलेला, धापा टाकत, पुढचे पाय नीट जुळवून. मामा माझ्या कानाशी वाकले. "पाह्य व पोरी. इतक्या वर्सात आपल्या बाजीवर बसलेला पयला पाहुना."

गाडी येऊन पिंजरा खाली उतरेपर्यंत चार माणसं दोर धरून उभी होती. चौथा दोर देवरावाच्या हातात होता. महिन्याभराने त्याच्या विहिरीला कठडा झाला. मामीने मात्र बाजेवरच्या नखांच्या ओरखड्यांना पुढे कधी रंधा लागू दिला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवून, "माह्या बापाची बाज," एवढंच म्हणायची.

मामांची एकच इच्छा होती. "सगळ्या इहिरी बांधून झाल्या अन् फोन येनं बंद झालं, की या बाजीवर दुपारभर झोपतो."

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. डॉक्टरांनी उठू नका म्हटलं. मामीने ओसरीत बाज टाकली, पायांचे दोर सोडले, त्यावर गोधडी घातली. मी रजा काढून गेले होते. मामा उताणे पडून छताकडे पाहत, प्रसन्न. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "पाह्यलं? पाच दिवस झाले, एक फोन नाही. बांधल्या वाटते सगळ्यायनं."

मी मामीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. फोन तिच्या सुपारीच्या डब्यात होता, बंद करून ठेवलेला. न बोलणं मला पहिल्यांदाच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा एकजण धापा टाकत अंगणात आला. "मामा, फोन काहून लागून नाही राह्यला? हरीन पडलं."

मामांनी मामीकडे पाहिलं. रागाने नव्हे. लहान मुलाने लपवलेला खाऊ सापडावा तसं हसले. "मले खाली घ्या," म्हणाले. "बाज न्या."

आम्ही त्यांना सतरंजीवर घेतलं, पाहुण्यांच्या. दोर मामीने स्वतः बांधले. तिच्या गाठी मामांच्याच गाठींसारख्या निघाल्या. त्या दिवशी विहिरीवर पहिल्यांदा गर्दीला मी मागे हटवलं, नुसत्या हाताने. हरीण वर आलं, टॉवेल काढल्यावर क्षणभर उभं राहिलं, आणि उड्या मारत तुरीत दिसेनासं झालं. ते सांगायला मी परत आले, तेव्हा मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगण्याआधीच डोळे मिटून मान डोलावली. आठ दिवसांनी ते गेले.

फोन आता मामीकडे असतो. ती तो बंद करत नाही. परवा मी तिथेच होते, तो वाजला. पलीकडून कोणीतरी घाईघाईने विचारलं, बाजमामा आहेत का?

"मामा नाही," मामी म्हणाली. "बाज हाय. कठडा काहून नाही बांधला?" पलीकडचं सगळं ऐकून घेत तिने खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्याकडे टाकला. "येऊन राह्यलो आमी. अन् तोवर कल्ला करू नका."