कॅमेऱ्याच्या काचेवरची भज्जी

आज सकाळी आमचे मामा गेले.

माझ्याकडं त्यांचा पाऊण तासाचा व्हिडिओ आहे आणि त्यात त्यांचा चेहरा कुठंच नाही. कारण कॅमेरा त्यांच्याच डोक्यावर होता.

सांगते.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी एक छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा घेतला होता. तेव्हा असले कॅमेरे नवेच होते. फुल एचडी, वाइड अँगल, वॉटरप्रूफ केस, डोक्याला बांधायचा पट्टा. ट्रेकिंगसाठी म्हणून घेतला. ट्रेक झाले दोन.

त्याच वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या रानातल्या सणाला, कमलनगरजवळ मामांच्या शेतात जायचं, हे आईनं लग्नानंतर एकदाही चुकवलं नव्हतं. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग सगळ्यांनी रानातच बसून भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळीची पातळ भाजी, आणि आंबील. त्या वर्षी डॉक्टर नाही म्हणाले.

आई रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि जेवण जवळजवळ सोडलंच.

म्हणून मी कॅमेरा घेऊन गेले. शूटिंग अर्थात मीच करणार होते. एवढे पैसे कशाला घातले होते!

मामा म्हणाले, "तू धरलास तर पाहुण्यावाणी दिसंल समदं. आण हिकडं. अक्काला माझ्यासंगं हिंडू दे."

अक्का म्हणजे आई. त्यांची मोठी बहीण. ती त्यांना बापू म्हणते.

डोक्याच्या रुमालावरून पट्टा आवळला आणि निघाले. मामी हसून हसून खाली बसली.

त्या कॅमेऱ्याला स्क्रीन नव्हता. बीप वाजला की चालू, एवढंच कळायचं. काय येतंय ते घरी गेल्यावर बघायचं. मामांना त्याचं काहीच नव्हतं. ते थेट आईशीच बोलत सुटले.

"अक्का, ही बघ हीर. औंदा पाणी हाय. हा तुझा आंबा. नीट बघायलीस न्हवं?"

वॉटरप्रूफ केसमुळं आवाज असा येतो, जणू मामा रांजणात बसून बोलतायत. पण येतो.

शेजारच्या शेतातली म्हातारी आली. तिनं पदर नीट केला आणि मामांच्या कपाळाकडं बघून विचारलं, "पाय कसा हाय गं?" मग उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मामाच म्हणाले, "बरा हाय म्हणायलीय."

पूजा झाली. मामा पाया पडायला वाकले, तेव्हा स्क्रीनभर नुसती काळी माती आहे.

मग जेवणं. मामांनी स्वतःच्या आधी एक पान वाढलं. भाकरीचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि घास वर नेला. तोंडाकडं नाही, कपाळाकडं.

"घे अक्का."

मामी ओरडली, "आवं, काचंला कामून चारायलाव!"

"काचंला न्हाई. अक्काला चारायलोय."

तिथून पुढचा सगळा व्हिडिओ पिवळा आणि धुरकट आहे. बेसन, चिंच, हरभऱ्याची पानं, सगळं काचेवर. वॉटरप्रूफ होता म्हणून वाचला. विहिरीवर धुऊन काढला. हे फीचर कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला आले आणि आईला लॅपटॉपवर लावून दिला. मामांचा हात घास घेऊन वर आला आणि आईनं तोंड उघडलं.

खरंच उघडलं. नकळत.

मग हसली, मग रडली आणि म्हणाली, "भूक लागलीय गं." मी ताट आणायला पळाले. आई त्या दिवसापासून उठायला लागली.

पिवळा भाग कापून टाकते म्हटलं, तर म्हणाली, "हात लावू नको. बापूची भज्जी हाय ती."

मामा, तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर "लई साहेबीण झालीस" म्हणाला असतात. तरी आज म्हणते. माझी आई तुम्ही मला परत दिलीत.

आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. दादा लगेच गावाकडं निघालाय. मी तिच्याजवळ आहे. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मघाशी एवढंच म्हणाली, "ते लाव."

लावला.

विहीर. आंबा. काळी माती. मग तो हात वर आला. "घे अक्का."

आईनं तोंड उघडलं. मी दूधभाताचा घास भरवला.

मामा, अक्का जेवली.

आता निवांत जावा.