परवानगी वरून येते

चाकणला आमच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारे एक भाऊ आहेत. नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यापासून माझा कॉम्प्युटर एखाद्या दिवशी चालू झाला नाही, की ते आधी कीबोर्ड पुसतात, मग विचारतात, “हात कुणी लावला?” चालू झालाच, तर बिल छापायची परवानगी नसते. “परवानगी वरून येते, राव. मेल टाका.” वर म्हणजे तेच. घरातला पहिला पदवीधर मी, रोज त्यांना अर्ज लिहितो.

काल माल भरलेला ट्रक बिलासाठी गेटवर अडला. भाऊ माझ्या टेबलाशी आले, काहीतरी बदललं आणि स्वतःचीच परवानगी घालवून बसले. पडद्यावर आलं, ‘ॲडमिनशी संपर्क साधा.’ त्यांनी सवयीनं ॲडमिनच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे त्यांच्याच रिकाम्या टेबलावर तो वाजत राहिला.

“उचलत नाहीत,” ते म्हणाले.

“मग मेल टाका, राव.”