सुभेदाराचा पाय

“मॅडम, तपासून काहीही निघू द्या, पण दादांसमोर ते नाव घ्यायचं न्हाई.”

सतीश हे म्हणाला तेव्हा त्यांचा कुत्रा अजून जीपमधून उतरलासुद्धा नव्हता. त्याला धरून सतीशचे वडील, म्हणजेच हे दादा, मागच्या सीटवर बसले होते, आणि हा पुढे येऊन माझ्या टेबलावर वाकून कुजबुजत होता.

“कोणतं नाव?” मी विचारलं.

“तेच. आमच्या मायला झाल्तं ते.”

जालन्यात मस्तगडजवळ माझा जनावरांचा दवाखाना आहे. आधी सरकारी नोकरीत गाई-म्हशी पाहिल्या, आता जास्त करून कुत्री-मांजरं. पेशंटला काही सांगू नका, असं माणसांच्या डॉक्टरांना रोज कुणी ना कुणी सांगत असतं. माझ्या पेशंटपासून लपवायची वेळच येत नाही, त्यामुळे मला हे नवीन होतं. “आधी कुत्रा तर आत आणा,” मी म्हटलं. “काय निघणार ते तुम्हीच ठरवून आलात, मग मी कशाला बसलेय इथे?” माझी जीभ जरा तिखट आहे. येणाऱ्यांना सवय झालीय.

कुत्र्याचं नाव सुभेदार. परतूरच्या अलीकडे त्यांची मोसंबीची बाग आहे, तिचा हा राखणदार. जात गावठीच, पण अंगापिंडाने दणकट, तोंडाजवळचे केस पिकलेले. पुढचा डावा पाय उचलून धरत तो आत आला. गळ्यात पट्टा होता, साखळी नव्हती. म्हातारे पुढे चालले की तो मागे चालायचा. त्यांना मी काका म्हणायला लागले.

पंजाच्या जरा वर चांगलीच सूज होती, आणि सुजेवर भाजल्याच्या दोन खुणा. आपल्याकडे जनावराचा सांधा सुजला की तापलेल्या विळ्याने चटका देतात. त्याला डाग देणं म्हणतात. त्याने म्हणे वात निघून जातो.

“हे कुणी केलं?” माझा आवाज चढला.

“गावातल्यांनीच. मी नको म्हणून राह्यलो होतो,” काका म्हणाले. “पयलं मी तेलानं चोळला. मुरगळला आसंल वाटलं. मंग सगळे म्हणले, वात हाय.”

सूज गरम होती आणि दगडासारखी टणक. मी दाबली तेव्हा सुभेदार ओरडला नाही. मान वळवून त्याने माझा हात चाटला. लोकांना वाटतं, ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. कुत्रं दुखणं गिळतं. पुढ्यातली भाकर खातं, मालक दिसला की शेपटी हलवतं, आणि मालक म्हणतो, बरा आहे की! मला त्या टणक सुजेची भीती वाटली, पण नुसत्या बोटांवर विसंबून निदान करायचं नसतं.

माझ्याकडे एक्स-रे मशीन नाही. शहरात माणसांचं एक एक्स-रे सेंटर आहे, तिथे जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराने आमचे पेशंट घेतात. फिल्म आली तेव्हा पाकिटावर ‘श्री. सुभेदार’ लिहिलेलं होतं. एरवी मी हसले असते. निरोगी हाडाची कड पेन्सिलीने ओढल्यासारखी स्वच्छ दिसते. इथे ती कसरीने खाल्लेल्या शालीसारखी दिसत होती. छातीचा एक्स-रे मात्र साफ होता. मी सुजेतून सुईने सॅम्पल घेतलं, लॅबला पाठवलं आणि तोवर दुखण्याच्या गोळ्या दिल्या. रिपोर्ट आला तो मला वाटलं होतं तोच. हाडाचा कॅन्सर.

रिपोर्ट घ्यायला सतीश एकटाच आला. तो जालन्यातच बँकेत नोकरीला. त्याने पुण्याच्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

“मॅडम, इथं पुण्यात कुत्र्यांना केमो देतात. आम्ही घेऊन येतो त्याला,” बहीण म्हणाली.

“देतात. पण वडिलांना काय सांगून आणणार?”

सतीश म्हणाला, “दादांना आम्ही सांगितलंय, हाड मोडलंय म्हणून.”

“परस्पर सांगूनही टाकलंत?”

“मंग काय सांगणार? एक काम करता का, मॅडम? पायाला वरवरचं प्लास्टर घालून द्या. दादांचं समाधान होईल. पुढचं आम्ही बघून घेऊ.”

इतकी वर्षं झाली या धंद्यात, जनावराला खोटं प्लास्टर घाला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी त्याला समजावलं. मोडलेलं हाड हलू नये म्हणून प्लास्टर असतं. इथे हाड आतून पोखरतंय आणि बाहेरून सूज वाढतेय. तिला प्लास्टरमध्ये आवळलं तर कुत्रा कळवळेल, आणि ते हाड एखाद्या दिवशी बसल्या जागी खरंच मोडेल.

“म्हणजे वडिलांच्या समाधानासाठी कुत्र्याचा छळ करायचा, असंच ना?” मी म्हटलं.

सतीशचे डोळे भरून आले. “मॅडम, माय गेल्यापासून दादा घरात कोणाशी बोलत न्हाईत. ह्याच्याशी बोलतात. मायनं भाकर चारून वाढवलेला हाय तो. त्यांना हे नाव सांगायचं म्हणजे मायचं सगळं पुन्हा पयल्यापासून.”

मग मीच आवाज खाली घेतला. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी म्हटलं, “मी आपणहून विषय काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. प्लास्टर तर विसराच.”

“दादा विचारायचे न्हाईत,” तो म्हणाला. याची त्याला अगदी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सतीश, काका आणि सुभेदार तिघंही आले. रस्त्यात जीप लावलेली, मागे ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिलेला, म्हणून सतीश गाडी काढायला बाहेर गेला. काका स्टुलावर बसले होते. सुभेदाराने त्यांच्या पायावर मान टाकली होती.

“मॅडम, सतीशच्या मायचाच रोग हाय ना ह्याला?”

मी हातातला स्टेथोस्कोप खाली ठेवला. “तुम्हाला कुणी सांगितलं, काका?”

“कोण सांगतंय! सतीश माझ्यासंगं लय गोड बोलून राह्यलाय. पोरगी पुण्याहून रोज फोन करती, जेवलात का म्हणती, झोपलात का म्हणती. ह्यांची माय आजारी पडली तवा आम्ही सगळे तिच्यासंगं असंच गोड बोलत होतो. मला ते बोलणं बराबर वळखू येतं.”

मी मानेनेच हो म्हटलं. ते थोडा वेळ कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले.

“तिला आम्ही अल्सर सांगितला. पोरं म्हणली, मीबी म्हणलो. तिला राजूरच्या गणपतीला जायचं होतं. रोज म्हणायची. मी म्हणायचो, बरी झालीस की जाऊ. तशा हालतीत नेलं असतं तर तिला कळलं असतं ना, की आता काही खरं न्हाई. म्हणून नेलंच न्हाई.” त्यांनी सुभेदाराकडे पाहिलं. “ह्याला सांगून कळत न्हाई, मॅडम. तिला कळलं असतं.”

मालकांना वाईट बातमी देण्याचा मला सराव आहे, पण या वाक्याला उत्तर देण्याचा नाही. माझ्याकडे द्यायला जी माहिती होती ती सगळी सांगितली. गोळ्यांवर ठेवलं तर दुखणं थोडे दिवस दबेल, मग गोळ्याही पुरणार नाहीत. पाय खांद्यापासून काढला तर दुखणं थांबेल. नंतर केमो दिली तर दिवस वाढतात, पण त्यासाठी पुण्याच्या खेपा होतील.

“पाय काढल्यावर रोग जाईल?”

“नाही. तो अंगात पसरलेला असणार, आज दिसत नाही इतकंच. काही महिने मिळतील. पण बिनदुखण्याचे.”

“तीन पायांवर चालंल का?”

“आत्ताही तीन पायांवरच चालतोय, काका. चौथा नुसता दुखायला राहिलाय.”

त्यांनी बराच वेळ त्या पायाकडे पाहिलं. “मंग काढा. केमो नको. तिला दवाखान्यात नेत होतो तवा सगळा जीव येण्या-जाण्यात गेला तिचा, घर काही मिळालं न्हाई. ह्याला बागंत राहू द्या.” मग जरा दबकत विचारलं, “आन् पुढं लय हाल व्हायला लागले तर?”

“फोन करा, मी येईन. इंजेक्शन देऊन झोपेतच शांतपणे सोडवता येतं.”

“ते कधी, ते मी सांगीन. पोरांना विचारू नका.”

सतीश आत आला, आमची तोंडं पाहिली आणि दारातच उभा राहिला. “मॅडम, तुम्ही...”

“त्यांनी विचारलं,” मी म्हटलं.

“मॅडमवर कशाला डोळे काढतो? बस इथं,” काका म्हणाले. “पाय काढायचं ठरलं.”

सतीश खाली फरशीवरच बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लहान पोरासारखा रडला. काकाही रडले. त्या दोघांच्या मध्ये बसून सुभेदार एकटाच शेपटी हलवत होता.

ऑपरेशनला माझ्या बॅचचा एक सर्जन परभणीहून आला. पाय खांद्यापासून काढला, नीट पार पडलं. लोकांना नेहमी वाटतं, कुत्रा आता खचणार. कुत्र्याला कुणी सांगितलेलंच नसतं की चार पाय लागतात. दुसऱ्या दिवशी सुभेदार उठून भिंतीपर्यंत गेला, आणि तीन पायांतला एक उचलायचा हिशोब जमेना म्हणून लघवीला तिथेच बसून मोकळा झाला. टाके काढायला आला तेव्हा मला पाहून जीपमध्ये परत चढायला बघत होता. मी म्हटलं, आता हा बरा आहे!

गावात लोक बोललेच. कुत्र्याला लंगडं केलं, त्यापेक्षा मारून टाकायचं, वगैरे. काकांनी कुणाला उत्तर दिलं नाही. सुभेदार बागेत वानरांच्या मागे तीन पायांनी धावायचा. वानरं पहिल्यासारखी घाबरत नव्हती, पण याचा रुबाब तोच.

मग एके दिवशी काका पेढे घेऊन दवाखान्यात आले. मी विचारलं, कशाचे?

“राजूरला गेल्तो. सतीशच्या मायचं राह्यलेलं होतं, ते करून आलो. ह्यालाबी नेलं. देवळाबाहेर गप बसला.” एवढंच बोलून ते गेले. पेढा तोंडात घातला आणि मला पुढच्या पेशंटला जरा थांबा म्हणावं लागलं.

थंडी सुरू झाली आणि सुभेदाराला खोकला आला. छातीच्या एक्स-रेमध्ये गाठी दिसत होत्या. औषधांवर त्याने अजून काही दिवस काढले. मग काकांचा फोन आला. “मॅडम, या. आता त्याला जमंना.”

मी बागेत पोचले तेव्हा पुण्याची मुलगी आलेली होती. काकांनी तिला आदल्या दिवशीच कळवलं होतं. सुभेदार मोसंबीखाली गोधडीवर पडला होता, श्वास भराभर चालू होता. मुलीने दुधात कुस्करलेली भाकर पुढे केली. त्याने हुंगली, एकदा चाटली आणि मान खाली टाकली. काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. त्याचं डोकं काकांच्या मांडीवर होतं. खड्डा सतीशने सकाळीच खणून ठेवला होता.

माती लोटून झाल्यावर काकांनी हौदावर हात धुतले आणि मुलाला हाक मारली.

“सतीश, मॅडम साक्षीला हायेत. उद्या माझं काही निघालं तर पयलं मला सांगायचं. माझ्या आधी कोणाला न्हाई.”

सतीश जमिनीकडे बघत उभा राहिला. “दादा, माझ्याच्यानं बोलणं व्हायचं न्हाई.”

“मंग गोड बोलू नको, तेवढंच कर. माझं मी समजून घेईन.”

सतीशने हो म्हटलं. पुढे तो ते पाळेल की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलंय. ‘त्यांना सांगू नका’ असं म्हणत कुणी माझ्या टेबलावर वाकलं, की मी त्याला बाहेर बसवते आणि ‘त्यांना’ आधी आत बोलावते.