खाकी सोबत असताना

माझी शाळा मार्केटच्या मागच्या वस्तीत आहे. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरी मराठी, वर्गात कन्नड आणि पोरांवर ओरडायला दोन्ही. जयनगरच्या पॉश भागातल्या माझ्या जावेला वाटतं, मी तिथे जीव मुठीत धरून जाते. कसलं काय! वस्तीची भीती मला कधीच वाटली नाही. वस्तीलाच भीती वाटते, खाकीची. गल्लीत पोलीस शिरला की पहिला बघणारा ताटलीवर चमचा बडवतो आणि दारं धडाधड लागतात. तो आवाज आला की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा लिहिता लिहिता थांबतात.

वरमहालक्ष्मीच्या सणाआधीच्या बाजारात माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी हरवली. तिची आई फुलं विकायची. रात्रभर शोधून सकाळी ती शाळेत आली. मी चौकीचं नाव काढताच तिने माझे हात धरले. काहीही करा, पण पोलीस नको, म्हणाली. मला असा संताप आला! पोर जाऊन रात्र उलटली आणि हिला पोलीस नको. ती गेल्यावर मी सरळ फोन लावला. आजही लावीन.

फोन लावला तो चौकीतल्या एका पोलीस बाईला. अथणीकडची, शाळेत मुलींशी बोलायला यायची, माझ्याशी मराठीत दोन शब्द बोलून जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. पोरगी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर सापडली होती, धडधाकट होती. शाळेचं नाव सांगत होती, पण घर कुठं म्हटलं की गप्प.

“सरी सरी, बरं, घेऊन ये, घर मी दाखवते,” मी म्हटलं. आनंदाने मला रडूच आलं होतं.

आम्ही तिघी गल्लीत शिरलो आणि ताटली वाजली. दारं लागत गेली. मुलीच्या घराचंही लागलं.

पत्र्याचं दार, खाली चार बोटांची फट. त्या फटीतून दोन अनवाणी पावलं दिसत होती. आई दाराला लागूनच उभी होती. मी सांगितलं, अहो, मुलगी सापडली, ही बघा आणलीय. पावलं हलली नाहीत. मी दारावर थापा मारल्या, चिडले, नको ते बोलले. आतून श्वाससुद्धा ऐकू येईना.

पोलीस बाई खाली वाकून मुलीला म्हणाली, “हाक मार की गं आईला.”

मुलीने ओठ घट्ट मिटले. तीही त्या पावलांकडेच बघत होती. दोन रात्री आईविना काढलेली पोर, मध्ये फक्त एक पत्रा, आणि दोघी गप्प.

मग तिने माझा पदर ओढला आणि अगदी हळू सांगितलं, “टीचर, पोलीस सोबत असले की हाक मारायची नसते.”

तिनेच तुटक तुटक सांगितलं. वर्षापूर्वी कुणा पोलिसाने शेजारच्या मुलाला पुढे करून याच दारात हाक मारायला लावली होती. पोराचा आवाज म्हणून आईने दार उघडलं, आणि तिच्या नवऱ्याला फरफटत नेलं. तो अजून आत आहे. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक लेकराला हे शिकवलेलं. आणि मोठ्यांनीही, बाहेर आपलंच लेकरू असलं तरी, दार उघडायचं नाही.

पोलीस बाईने सगळं ऐकलं. “मी जाते, बाई,” एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा दार उघडलं. आईने मुलीला पोटाशी घेतलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी मान फिरवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. “घर तुम्ही दाखवलंत,” म्हणाली. दार लागलं.

मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत आली. वेणी घालून, पहिल्या बाकावर, रोजच्यासारखी. मैत्रिणींशी बोलते, खेळते. फक्त हजेरीला मी तिचं नाव घेतलं की नजर माझ्यावर ठेवून ओठ घट्ट मिटते. मी दोनदा हाक मारते. ती ओ देत नाही.