नलिनीचे गोल अन् माझी रांगोळी

माझी धाकटी बहीण नलिनी चाकाच्या बुटांवर सलग तीन वर्षं राज्यात पहिली आली, हे पांढुर्ण्यात सगळ्यायले माहीत आहे. ती जिल्ह्यातून कशी निघाली, ते मात्र मीच सांगू शकते. ते काम माझं होतं.

बाबा कापसातली सरकी काढायच्या जिनात फिटर होते. कापसाचा हंगाम सरला की गोदाम रिकामं, अन् तिथली सिमेंटची फरशी गुळगुळीत. नलिनी तिथंच शिकली. गिरक्या, उड्या सगळं यायचं तिले, पण स्पर्धेत पहिली फेरी गोलांची असते. फरशीवर एका पायानं आठाचा आकडा काढायचा, अन् चाक तीनदा त्याच रेघेवरून गेलं पाहिजे.

त्र्याऐंशी साली छिंदवाड्याले निवड होती. जिल्हा संघाचा सचिव मुकुंदराव परीक्षक, अन् त्याची भाची प्रेमलता स्पर्धेत. कोऱ्या फरशीवर चाकाची रेघ कुठं दिसते? मुकुंदराव सगळ्यांसमोर म्हणाला, "जिनात शिकलेल्या पोरीले गोल काय समजणार? वाकडे आहेत." लोक हसले. भाची राज्यावर गेली अन् शेवटून पहिली आली. इकडं आमची पोर दोन दिवस जेवली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंग एक दिवस दारात रांगोळी काढताना माझ्या ध्यानात आलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून मी जिनाच्या फरशीवर रांगोळी चाळली. चाक फिरलं की रेघ उमटे, चूक लपवता येत नसे. पहिल्या दिवशी नलिनी तीनदा आपटली, कारण भुकटीवर चाक सरकते. पंधरा दिवसांत तिनं तोल धरला. पुढं दीड वर्ष ती त्याच्यावरच फिरली, मधल्या सालच्या निवडीले मी तिले जाऊच दिलं नाही.

पंच्याऐंशीची निवड सौंसरले ठरली. मी तिथं शाळेत शिकवत होती, म्हणून स्वागताचं काम माझ्याकडं आलं. पाहुणे यायचे म्हणजे सडा-रांगोळी आलीच. मी स्पर्धेची अख्खी फरशी पांढरी केली अन् कडेनं हळदीकुंकवाची फुलं काढली. मुकुंदरावनं हात जोडले. "बाई, एवढं स्वागत तं आपलं कोणी केलं नाही."

"तुमच्यासाठीच आहे, साहेब," मी म्हटलं. सगळ्यांसमोर वाखाणलेली रांगोळी मंग त्याले पुसायले सांगता आली नाही.

नलिनी आधी फिरली. तीन फेऱ्या, अन् रेघ एकच. तिच्या आकड्याशेजारी मी पुन्हा भुकटी चाळली अन् प्रेमलता उतरली. तिचे गोल बटाट्यासारखे निघून राहिले होते. सौंसरचे लोक वाकून वाकून पाहत होते, अन् मुकुंदराव कागदात तोंड खुपसून बसला होता. माझं काळीज थंड झालं. तिसऱ्या फेरीत चाक सरकलं. पोर हातावर पडली, मनगट मोडलं. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

तिले दवाखान्यात नेलं. दोनशे लोक त्या दोन आकड्यांभोवती उभे होते, म्हणून मुकुंदरावले नलिनीचं नाव लिहावं लागलं. मी मुद्दाम समोर उभी राहिली.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये नलिनीनं विचारलं, "ताई, ती पडणार होती, हे तुले माहीत होतं काय?"

"तूही पहिल्या दिवशी पडलीच होतीस."

"म्हणजे माहीत होतं." ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

प्रेमलतानं पुन्हा बूट घातले नाहीत, असं ऐकलं. ती सोळा वर्षांची होती, तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. मुकुंदरावचा हात मोडायले पाहिजे होता, एवढीच माझी चूक मी कबूल करते. बाकी पस्तावा मले नाही. उद्या तशीच वेळ आली तं पुन्हा फरशी पांढरी करीन.

नलिनी तीन वर्षं राज्यावर गेली. निघताना आईबाबांच्या पाया पडायची, अन् माझ्यासमोरून सरळ दाराबाहेर जायची.