सबवूफरची घूं आणि आईंची मालिका

आमच्या सासूबाईंनी भजन सोडलं, तेव्हा कारण सांगितलं गुडघ्यांचं. दर गुरुवारी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये बायका जमतात आणि इतकी वर्षं टाळ सासूबाईंकडे. ठेका चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही. आता म्हणे गुडघे दुखतात. अहो, लिफ्ट आहे. आणि ह्याच बाई गोखिवऱ्याच्या बाजारात चालत जाऊन मेथीची जुडी उलटीपालटी करून आणतात. मला काय कळत नाही? कान गेले होते आणि ते कबूल करायचं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "थोडं कमी येतं, एवढंच." कानाच्या मशीनचं नाव काढलं की अबोला.

अर्नाळ्याहून येणारी मासेवालीसुद्धा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी आता माज्याशी भांडत नाय. मी म्हनते त्या भावाला घेते. बरी हाय ना?" मला कसंतरीच झालं. भांडल्याशिवाय बोंबील घेणारी बाई नव्हे ती.

आमच्या ह्यांनी त्यावर उपाय काढला. टीव्हीला मोठे स्पीकर लावायचे, म्हणजे आईला मालिका नीट ऐकू येईल, जीव रमेल, मग भजनालाही जाईल. स्पीकरांबरोबर एक सबवूफर आला, म्हणजे नुसता खर्ज काढणारा भला थोरला खोका. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो आईंच्या खुर्चीला लागून ठेवला. चालू केला आणि घूं सुरू झाली. मालिका लागलेली असो नसो, आवाज शून्यावर असो, घूं आपली चालूच.

आधी आम्ही मागच्या गाळ्यांना शिव्या घातल्या. तिथे दिवसभर कसलं ना कसलं मशीन चालू असतं. पण त्यांच्या सुट्टीच्या दिवशी गाळे चिडीचूप आणि घूं तशीच. मग ह्यांनी मोबाइलवर बघून निदान केलं, अर्थिंगचा घोळ. एकमेकांना जोडलेल्या वस्तू दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडल्या गेल्या की मधल्या वायरीतून करंट फिरतो आणि सबवूफर तो ऐकवत बसतो. इथवर ठीक. पण उपाय काय, तर पक्कड घेऊन प्लगची तिसरी जाड, अर्थिंगची पिन तोडायला निघाले. आमच्या घरात मिक्सरची, इस्त्रीची, सगळ्यांच्या पिना अशाच शहीद झाल्यात. मी पक्कड काढून घेतली. "आई त्या खोक्याला पाय लावून बसतात. उद्या शॉक बसला म्हणजे? त्यापेक्षा घूं परवडली."

पाय लावून बसतात हे मी बोलले खरं, पण का बसतात ते काही डोक्यात आलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर पद्धतशीर कामाला लागलो. सगळे प्लग एकाच बोर्डावर घेतले. घूं होतीच. मग एकेक वस्तू काढत गेलो. पण वर पंखा, खाली रिक्षा, त्यात घूं कमी झाली की नाही तेच कळेना. हे म्हणत, "गेली." मी म्हणे, "आहे." आमची जुंपणारच होती, तेवढ्यात सासूबाईंनी हात लांब करून खोक्यावर तळवा ठेवला. आमचं काय चाललंय ते त्यांना न सांगता कळलं होतं. "आहे अजून," त्या म्हणाल्या. मग तेच आमचं मीटर. डीव्हीडी काढला. "आहे." टीव्हीचा प्लग काढला. "आहे." सेट टॉप बॉक्सचाही काढला. "आहे रे."

आता एकच वायर उरली, गच्चीवरून खिडकीतून आत आलेली केबलची. तिला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. एक तर ती करंटची नाही, आणि मुख्य म्हणजे ती आईंच्या मालिकेची. आमच्याकडे एक वेळ देवापुढचा दिवा विझलेला चालेल, संध्याकाळी केबल गेलेली चालत नाही. शेवटी मीच तिचं टोक पिळून काढलं. घूं थांबली. पंख्याची करकर ऐकू यायला लागली.

"गेली," सासूबाई म्हणाल्या.

गच्चीवर केबलची अर्थिंग वेगळी, घोळ तिथून येत होता तर. त्या वायरीत बसवायला, तो फिरणारा करंट अडवणारा एक छोटा आयसोलेटर मिळतो, तो मागवायचं ठरलं. ह्यांनी आईसमोर बसून मोठ्याने विचारलं, "आई, तोवर केबल परत जोडू का? मालिका दिसेल, पण घूं राहील."

"नको जोडू," त्या म्हणाल्या. "मला कुठे ऐकू येतंय? कधीपासून नुसते ओठ हलताना बघते." मग माझ्याकडे बोट दाखवून, "ही रोज काम टाकून येऊन बसते. तिला आवडते मालिका, म्हणून मी पण बसते."

मला ती मालिका बघवत नाही. त्यातली दागिने घालून झोपणारी सून बघितली की माझं डोकं फिरतं. आई एकट्या पडू नयेत म्हणून मी रोज मळलेली कणीक झाकून बाहेर येऊन बसत होते. मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हटलं, "आई, मला ती अजिबात आवडत नाही."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग हसायलाच लागल्या. "म्हणजे दोघीही येड्याच की गं."

ह्यांनी मोबाइल स्पीकरांना जोडून भजन लावलं, आमच्याच मंडळाचं, हॉलमध्ये रेकॉर्ड केलेलं. सासूबाईंचा तळवा खोक्यावरच होता. हळूहळू एक बोट हलायला लागलं. "ढोलकी लागतेय हाताला," त्या म्हणाल्या. "इतके दिवस सगळी एकच थरथर होती, पाय लावून लावून दमले." मग टाळ मागितले. टाळाला दोन्ही हात लागतात, म्हणून चपला काढून दोन्ही पाय खोक्याला टेकवले आणि डोळे मिटले. पहिले दोन ठोके मागे पडले. तिसऱ्यापासून टाळ ठेक्यावर पडायला लागला आणि भजन संपेपर्यंत हलला नाही.

"गुरुवारी हा खोका खाली न्या," टाळ मांडीवर ठेवत त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आणि हे?"

"लिफ्ट आहे की," त्या म्हणाल्या.